टाकून गेलेल्या नवऱ्याचा ओटीपी: नातं बदललं की सरकारी मदतीचं काय होतं?

२०२५च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात तेव्हा घरोघरी एकच धांदल होती, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची. शेजारच्या वहिनी भाकऱ्या उरकून माझ्याकडे आल्या. हाताला अजून पीठ लागलेलं. त्यांचा आधार क्रमांक टाकला, त्यांच्या फोनवर ओटीपी आला, आकडे भरले. पुढच्या पानावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता. वडील जाऊन वीस वर्षं झालेली. वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीतून नवऱ्याच्या आधाराची पिवळी पडलेली झेरॉक्स काढली. क्रमांक टाकला, ओटीपी गेला.

पण तो गेला नवऱ्याच्या फोनवर. नऊ वर्षांपूर्वी हा माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यावर तमिळनाडूत गेला आणि तिथंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. त्याचा नंबर वहिनींकडे नाही. ओटीपीची मुदत संपेपर्यंत आम्ही दोघी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "मेलं असतं तर दाखला तरी गावला असता, ताई."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. नवरा गेलेल्या बाईला मृत्यूचा दाखला मिळतो, घटस्फोट झालेलीला कोर्टाचा आदेश मिळतो. टाकून दिलेलीच्या हातात कुठलाच कागद नसतो. आणि सरकारी मदत कागद बघून मिळते. लग्न, वैधव्य, काडीमोड, पुनर्विवाह यांपैकी काहीही घडलं की मदतीचं गणित बदलतं. ते वेळेत कळवलं नाही तर पैसे बंद होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आधी मिळालेले पैसे परत मागितले जातात. हे सगळं कसं चालतं, ते जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते.

सरकारला माणूस दिसतो की घर?

आपल्याकडच्या लग्नात दोन हिशेब चालतात. आहेराच्या वहीत घराला एक नाव लागतं. घरात चार माणसं असोत की चौदा, नोंद एकच. पंगतीत मात्र माणशी एक पान मांडावं लागतं. सरकारी योजनाही अशाच दोन तऱ्हेनं मोजतात.

रेशनचं बघा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, घरात माणसं किती का असेनात. हा आहेर झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पंगत. मुलीचं लग्न झालं की प्राधान्य कार्डावरून तिचं पान उचललं जातं आणि सासरच्या कार्डावर मांडलं जातं. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला नेल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही, आणि या दोन कामांच्या मधे कित्येक नव्या सुनांचे ५ किलो महिनोन् महिने कुठल्याच घरात येत नाहीत.

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये हे आहेरासारखे. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. दोघांच्या नावावर वेगवेगळे सातबारे असले तरी पैसे एकालाच मिळतात. आपल्या भागात कितीतरी घरांत बायकोच्या नावावर माहेरची किंवा खरेदीची जमीन असते. लोकांनी भाबडेपणानं दोघांचेही अर्ज भरले, "सातबारा दोन, म्हणजे शेतकरी दोन" असं समजून. योजनेच्या लेखी ते एकच कुटुंब आहे, आणि दुसऱ्याला गेलेला प्रत्येक हप्ता चुकीचा.

'कुटुंब' या शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत वेगळा असतो, हे ध्यानात आलं की निम्मा गोंधळ मिटतो. आपल्या मनातलं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी सगळी माणसं. योजनेतलं कुटुंब त्या योजनेच्या शासन निर्णयात लिहिलेलं असतं, आणि ते बहुधा आपल्या चुलीपेक्षा लहान असतं.

लाडकी बहीण: पैसे बाईला, पण तपासणी घराची

ही योजना २०२४च्या जूनअखेरीस जाहीर झाली आणि जुलैपासून लागू झाली. २१ ते ६५ वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये, शिवाय कुटुंबातल्या एका अविवाहित मुलीला. (परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, पण कायद्यानं अजून लग्नातच असलेली बाई.) पैसे बाईच्या खात्यावर येतात म्हणून हा तिचा एकटीचा लाभ वाटतो. पात्रता मात्र घर बघून ठरते: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, कुणी आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पीएम-किसान आणि राज्याची नमो शेतकरी अशा दोन योजनांचे मिळून महिन्याला हजार रुपये मिळणाऱ्या बाईला लाडकी बहिणीतून फक्त वरचे ५०० मिळतात.

समजा, तासगावकडची एक मुलगी. बाप शेतमजूर. अविवाहित होती तेव्हा ती पात्र ठरली. मग तिचं लग्न झालं ते बँकेत किंवा सरकारी खात्यात नोकरीला असलेल्या मुलाशी. घरचं पोट भरायला लागलं, हे चांगलंच झालं. पण ज्या दिवशी ती त्या घरात गेली त्या दिवसापासून तिचं 'कुटुंब' बदललं. नवरा सरकारी नोकर असेल, आयकर भरत असेल, तर तिची पात्रता तिथंच संपते. खात्यावर पैसे येत राहिले तरी संपते. खातं तिचंच आणि नंबर तोच, त्यामुळे काही बदललंय हे तिला जाणवतच नाही.

जावाजावांचा घोळ याहून मोठा. शासन निर्णयातलं कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. त्या व्याख्येनं दोन भावांच्या दोन बायका ही दोन कुटुंबं. पण आपल्याकडं सासू आणि दोन जावा एकाच केशरी कार्डावर असतात. ई-केवायसी करताना 'माझ्या कुटुंबात एकच विवाहित आणि एकच अविवाहित महिला लाभ घेते' असं जाहीर करावं लागलं. तेव्हा कार्डावरची तिसरी बाई कुठं मोजायची, हे सांगायला कुणी नव्हतं. म्हणून चुली खरोखर वेगळ्या असतील तर शिधापत्रिकाही विभक्त करून घ्यावी. नुसता हिस्सा वाढवायला कार्ड फोडलं, तर चौकशीला आलेला माणूस भांडी मोजतो, हेही ध्यानात ठेवावं.

निराधार योजना: इथं नातं तुटणं हीच पात्रता

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. लाडकी बहिणीच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या विधवांना हिचाच आधार आहे. जुलै २०२३ पासून तिचे महिन्याला १,५०० रुपये झाले. विधवा, घटस्फोटित, घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या, परित्यक्ता, पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रिया, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी असे तिच्या यादीतले कितीतरी गट नात्यावरच ठरतात. यादीत देवदासीही आहेत. मिरज-जत पट्ट्यातल्या ज्या बायांचं लग्न पोरवयातच देवीशी लावलं गेलं, त्यांना समाजानं ना कुमारिका मानलं, ना सवाष्ण, ना विधवा. निदान या एका यादीत त्यांना त्यांच्याच नावानं जागा मिळाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उत्पन्नाची अट मात्र छाती दडपवणारी आहे: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षात ६८ दिवस कामावर गेलेली बाई ही मर्यादा ओलांडते. टाकलेली बाई पोरांना जगवायला ६७च दिवस राबते, असं मानणारी ही अट आहे. ती बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन योजनांच्या टकरीकडे येऊ. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं जाहीर केलं की पाच लाख महिला अपात्र ठरल्या. त्यांतल्या २ लाख ३० हजार बायका संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. म्हणजे विधवा, परित्यक्ता, गरिबांतल्या गरीब. त्यांतल्या बऱ्याच जणींचा अर्ज दुसऱ्याच कुणीतरी भरून दिलेला असणार, आणि 'आणखी कुठला लाभ घेता का' या ओळीवर त्या घाईत कुणी त्यांना विचारलंच नसणार.

"नवरा एक पैसा देत नाही, मग त्याचं उत्पन्न माझ्यात का धरता?"

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय. सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीकडच्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी कामाला. सांगलीच्या खानापूर-आटपाडीतले गलाईला देशभर पांगलेले. यातले बहुतेक जण नेकीनं घरी पैसे पाठवतात, यात्रेला येतात. पण काही जण परतत नाहीत. त्यांची बायको सासरी सासू-सासऱ्यांची सेवा करत राहते, कुंकू लावते, आणि कागदावर 'विवाहित' असते.

कायद्याचं म्हणणं असं, की लग्न झालंय तर नवऱ्यावर पोसायची जबाबदारी आहे, म्हणून त्याचं उत्पन्न घराचं. तो ती जबाबदारी टाळतोय हे सरकारला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी लिहून द्यावं लागतं. हा अन्याय आहे. पळून जाणारा पुरुष, आणि तो पळाला हे सिद्ध करायचं ओझं बाईच्या डोक्यावर. पण आजची रीत हीच आहे, त्यामुळे कागद कुठून आणायचा ते बघू.

एक. निराधार योजनेसाठी, बाई नवऱ्यासोबत राहत नाही असा तलाठी आणि ग्रामसेवक यांचा दाखला कामी येतो. आता या पदांची नावं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात तलाठीच म्हणतात. ते चौकशी करतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात, पंचनामा होतो.

दोन. पोटगीचा अर्ज. जुन्या कायद्यातलं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. बायका म्हणतात, "त्याच्याकडनं काय मिळणारे? उगाच कोर्टाच्या पायऱ्या." पैसे मिळोत न मिळोत, कोर्टात अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि पुढे आदेश झाला तर तो आदेश, हा 'आम्ही वेगळे राहतो' याचा भक्कम पुरावा होतो. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे ते जिल्हा न्यायालयात बसतं, आणि स्त्रियांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन.

तीन. मारहाण, हाकलून देणं असं काही घडलं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे दिलेली तक्रार. तीही तारखेसकट नोंद होते.

आणखी एक गैरसमज. "सात वर्षं नवरा आला नाही म्हणजे तो मेला असं धरतात ना?" धरतात, पण तो जिवंत असल्याचं ज्यांना एरवी कळलं असतं, त्यांना सात वर्षांत काहीच कळलं नसेल तरच, आणि तेही कोर्टातून. आमच्या वहिनींचा नवरा दर दसऱ्याला व्हॉट्सॲपवर नव्या गाडीचा फोटो लावतो. पुतण्यांच्या फोनवर तो दिसतो. तो बेपत्ता नाही, फक्त घरी येत नाही. त्यांना हा रस्ता नाही.

टाकलेल्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाची शिधापत्रिका हवी, ही मागणी आपल्याच मातीतली आहे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याच विटा-खानापूर भागात परित्यक्तांना एकत्र केलं होतं. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव येणं तेव्हा केवढं अवघड होतं! २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची थोरली बाई हीच कुटुंबप्रमुख मानली, ते पुढं कितीतरी वर्षांनी.

गावपंचांचा काडीमोड चालतो का?

बाँड पेपरवर पाच पंचांच्या सह्या घेऊन 'आजपासून उभयतांचा संबंध संपला' असं लिहिलेले कागद मी डझनभर बघितलेत. ज्या समाजात रूढीनं काडीमोड चालत आलाय त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्यानं ती वाट उघडी ठेवली आहे. पण ती रूढी खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि कार्यालयातला कारकून ते ठरवू शकत नाही. तो कोर्टाचा हुकूमनामाच मागणार. म्हणून बाँडवरचा काडीमोड हातात असलेल्या बाईनं स्वतःला 'घटस्फोटित' म्हणवून अर्ज करण्यापेक्षा 'परित्यक्ता' म्हणून करावा. पुढे कुणी आक्षेप घेतला तर खोटी माहिती दिल्याचा ठपका तरी बसणार नाही.

पुन्हा संसार मांडला तर?

तिशीत विधवा झालेल्या पोरीनं पुन्हा संसार मांडावा, याहून चांगलं काय? पण विधवा म्हणून मिळणारी निराधारची रक्कम किंवा केंद्राचं विधवा निवृत्तिवेतन, दोन्ही पुनर्विवाहानंतर मिळत नाहीत. साखर कारखान्यातल्या कामगाराची विधवा भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या पेन्शन योजनेतून पेन्शन घेत असेल, तर तीही पुनर्विवाहानंतर थांबते. मात्र मुलांचा हक्क जात नाही. त्यांना अनाथांच्या दरानं पेन्शन मिळू लागते. हा अर्ज कित्येक घरांत कुणी करतच नाही, कारण 'पेन्शन बंद झाली' एवढंच ऐकू येतं. केंद्र सरकारच्या नोकराच्या निपुत्रिक विधवेला तर पुनर्विवाहानंतरही, तिचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर, कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं. लष्कराचे नियम आणखी वेगळे आहेत. अपशिंगेसारख्या फौजींच्या गावात एकीला लागू असलेलं दुसरीला लागू होईलच असं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारल्याशिवाय कुणाच्या ऐकीव माहितीवर लग्न मोडू नका आणि पेन्शनही सोडू नका.

इथं एक आक्षेप हमखास येतो: "आमचा पाट लागला. देवळात चार माणसांत. नोंदणी नाही, पत्रिका नाही. मग ते लग्न कुठं झालं?" झालं. हिंदू विवाह कायदा रूढीप्रमाणे लागलेलं लग्न पूर्ण लग्नच मानतो. नोंदणी नसली म्हणून ते कमी ठरत नाही. दरवर्षी हयातीचा डिजिटल दाखला काढताना 'पुनर्विवाह केला आहे का' असा प्रश्न असतो. केंद्रावरचा मुलगा तो वाचून न दाखवता 'नाही'वर टिचकी मारतो. पण जबाब तुमच्या नावावर जातो. पुढं वसुली आली तर ती त्या एका टिचकीवर उभी असते.

दुसऱ्या बाजूची बाईही लक्षात घ्यायला हवी. पहिली बायको हयात आणि घटस्फोट नाही, तरी नवऱ्यानं दुसरीशी लग्न लावलं, तर ते दुसरं लग्न कायद्यानं रद्दबातल. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली रामेश्वरी देवी खटल्यात सांगितलं, की सरकारी नोकराची कुटुंब पेन्शन अशा दुसऱ्या बायकोला मिळत नाही, पण तिच्या मुलांचा हक्क शाबूत राहतो. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर खोलीत काढलेली, त्याचं आजारपण निस्तरलेली बाई शेवटी पेन्शनच्या यादीत नसते. तिचा कितपत दोष होता, हे फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही.

परदेशात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, याच्या उलट टोक दिसतं. तिथं लग्न केलं की नाही हे न बघता, दोघं नवरा-बायकोसारखे एकत्र राहतात का ते बघतात, आणि जोडप्याची मदत दोन एकट्यांच्या बेरजेपेक्षा कमी असते. आपल्याकडं कागदाला धरून चालतात, तिथं घराला धरून. दोन्हीकडं शेवटी परका माणूस दाराशी येऊन 'इथं कोण कोण राहतं?' विचारतोच.

वसुली: न मागता मिळालेली उचल

ऊसपट्ट्यात उचल सगळ्यांना माहीत आहे. तोडीच्या टोळ्या हंगामाआधी उचल घेतात, मग मजुरीतून ती कापली जाते. शिल्लक राहिली तर पुढच्या हंगामावर चढते. अपात्र असताना मिळालेले सरकारी पैसे तसेच असतात, फक्त फरक एवढा की उचल घेताना आपण अंगठा देतो, आणि इथं उचल चढतेय हेच कळत नाही.

हिशेब करून बघा. निराधारचे १,५०० घेणाऱ्या बाईनं पुनर्विवाह केला आणि २६ महिने कुणी कळवलं नाही. २६ गुणिले १,५०० म्हणजे ३९,००० रुपये. ते पैसे कधीच तेल-मिठात गेलेले असतात. मग एक दिवस कोतवाल नोटीस घेऊन येतो.

पूर्वी अशी चूक उघडकीला यायला गावातल्या कुणाचं तरी भांडण लागायचं, निनावी अर्ज जायचा. आता आधार, शिधापत्रिका, आयकर, वाहन नोंदणी या याद्या संगणकावर एकमेकींशी ताडून बघतात. २०२५च्या जूनमध्ये सुमारे २६ लाख लाडक्या बहिणींचे पैसे थांबले ते अशाच ताडणीतून. पुढं प्रत्यक्ष पडताळणी ठेवली गेली. ताडणी नेहमी बरोबरच असते असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ दरम्यान संगणकानं वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून लाखो गरिबांवर खोटी वसुली चढवली. ती बेकायदा ठरली, पैसे परत करावे लागले, २०२३ साली चौकशी आयोगानं सरकारला धारेवर धरलं. यंत्रानं सांगितलं म्हणून आपली चूक आहेच, असं मानू नका.

नोटीस आली तर काय? तिच्यावर योजना, कुठल्या महिन्यापासून अपात्र, आणि कशामुळे, एवढं लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर लेखी मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागता येतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. म्हणणं ऐकून न घेता थेट वसुली करणं हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हे कारण उच्च न्यायालयातही टिकतं. रक्कम खरी असेल तर हप्ते मागा. पीएम-किसानच्या बाबतीत संकेतस्थळावरच पैसे परत करायची सोय आहे, तहसीलमध्येही भरता येतात. पावती जपून ठेवा.

"सुप्रीम कोर्टानं वसुली बंद केली आहे" असं मोबाईलवर फिरतं. ते अर्धंच खरं. डिसेंबर २०१४च्या रफीक मसीह निकालात न्यायालयानं म्हटलं की खालच्या वर्गातल्या सरकारी कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, किंवा पाच वर्षांहून अधिक काळ चुकून दिलेल्या पगाराची वसुली करू नये. तो निकाल पगारावरचा आहे आणि चूक कार्यालयाची असेल तिथला आहे. योजनेच्या पैशाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. लाडकी बहिणीच्या बाबतीत सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं, की त्या वेळी अपात्र ठरलेल्यांना तोवर दिलेले पैसे परत घेतले जाणार नाहीत. ती त्या वेळची सवलत होती. सगळ्या योजनांना, कायमची, अशी ती समजू नये.

"मग कागदोपत्री काडीमोड दाखवला तर?"

असा सल्ला देणारे एजंट तहसीलच्या बाहेर भेटतात. ऐकू नका. नवरा-बायको एका घरात नांदताहेत आणि कागदावर घटस्फोट, ही फसवणूक आहे, गुन्हा दाखल होऊ शकतो. पण त्याहून मोठं नुकसान बाईचंच. उद्या नवरा गेला तर ती त्याची विधवा नाही. त्याच्या जमिनीत, पेन्शनीत, नुकसानभरपाईत वारस नाही. महिन्याच्या १,५०० साठी सगळा हक्क गहाण पडतो.

पोच

कार्यालयात कळवायचं ते तोंडी कळवू नका. दोन प्रती न्या, एक तिथं द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. यालाच पोच म्हणतात. लग्न ठरलं, पाट लागला, नवरा वारला, नवऱ्याला नोकरी लागली, मुलगी सासरी गेली: कळवायचं महिन्याच्या आत, आणि पोच घरात. नंतर कार्यालयानं तीन वर्षं पैसे चालूच ठेवले तरी 'मी लपवलं नाही' हे त्या शिक्क्यानं सिद्ध होतं. माझ्या मावशीनं पुनर्विवाहानंतर तोंडी सांगितलं होतं, "साहेब, आता माझं बंद करा." साहेब हो म्हणाले. पैसे चालू राहिले, साहेबांची बदली झाली, आणि मावशीकडं दाखवायला काहीच उरलं नाही. चौदा महिन्यांचे पैसे तिनं दोन शेळ्या विकून भरले.

वहिनींचं अजून पूर्ण झालेलं नाही. ई-केवायसीची मुदत तेव्हा ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली. पती किंवा वडील वारलेल्या आणि घटस्फोटित बायकांनी दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं, पण टाकलेलीनं काय द्यावं हे सेविकेलाही सांगता येईना. शेवटी वहिनींनी निराधारचाच अर्ज करायचं ठरवलं. जानेवारीत तलाठी चौकशीला आले. अंगणात पाच शेजारी बोलावले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि आम्ही एकेक जण सांगत होतो: नऊ वर्षं झाली, येत नाही, दिवाळीला नाही, आईच्या दिवसांनाही आला नाही. त्या एकदाही मधे बोलल्या नाहीत. पंचनाम्याच्या खाली सह्या करायच्या होत्या. प्रत्येक सहीपुढं 'अर्जदाराशी नाते' असा रकाना होता. मी तिथं 'शेजारी' लिहिलं, तारीख टाकली, आणि कागद त्यांच्या नजरेसमोर धरला. वाचता येत नसलं तरी त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.